तिसऱ्या रात्रीची चिठ्ठी

भाचीचं सिझर झालं, त्याच्या तिसऱ्या रात्री मी तिच्यासोबत दवाखान्यात होते. बाळ संध्याकाळपासून किरकिरत होतं. अंगाला लावलं की दोन-चार वेळा ओढायचं, सोडायचं आणि पुन्हा टाहो. टाक्यांमुळे भाचीला कुशीवर वळता येत नव्हतं. दहाच्या सुमारास सिस्टर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "दूध पुरत नाहीये त्याला. वरचं सुरू करा." खिशातून एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर बाळाच्या दूध पावडरच्या डब्याचं नाव आधीच लिहिलेलं होतं. "खाली मेडिकलमध्ये मिळेल. बाटलीही घ्या." भाचेजावई पाच मिनिटांत डबा घेऊन वर. बाळ प्यायलं, झोपलं. आम्हीही झोपलो. त्या रात्री मला सिस्टरांबद्दल कृतज्ञताच वाटली, हे आधी सांगून टाकते. डब्याच्या जाहिरातींवर बंदी असावी असं मी इथे मांडणार आहे, पण तो डबा आला तेव्हा सगळ्यात आधी हुश्श करणारी मीच होते.

चिठ्ठी कुणी लिहून दिली होती, हे मी विचारलं नाही. नाव आधीच लिहिलेलं का, हाही प्रश्न सकाळी सुचला. खोलीत बाळंतीण रडकुंडीला आलेली, बाळ रडून लाल झालेलं, बाहेर बाकड्यावर आजी "माझ्या वेळी असं नव्हतं हो" म्हणत बसलेली. अशा वेळी प्रश्न सुचत नाहीत. आणि नेमकी हीच वेळ कायद्याने विकणाऱ्यापासून राखून ठेवायचा प्रयत्न केला आहे.

आपल्याकडे हा कायदा १९९२ चा आहे. नाव लांबलचक आहे; दूधपर्याय, बाटल्या आणि शिशुआहार यांचं उत्पादन, पुरवठा आणि वितरण यांचं नियमन असा त्याचा विषय. १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला, २००३ मध्ये आणखी घट्ट केला गेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुने, भेटवस्तू, सवलतीची कुपनं देता येत नाहीत. दवाखान्यात पोस्टर लावता येत नाही. डॉक्टर-नर्सना भेटी देता येत नाहीत, त्यांच्या परिषदांना पैसे पुरवता येत नाहीत. डब्यावर आईचं दूधच उत्तम असं ठळक छापावं लागतं आणि बाळाचा किंवा बाईचा फोटो चालत नाही. एखादा डबा हातात घेऊन बघा. बाळासाठीच्या बाकी प्रत्येक वस्तूवर, डायपरपासून पावडरपर्यंत, गुटगुटीत बाळ हसत असतं. इथे मात्र नाही. ते हसू कायद्याने पुसलेलं आहे.

हे पुसायची वेळ का आली, त्याची गोष्ट जुनी आहे. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ बाईंनी भाषण केलं. विषय होता 'दूध आणि खून'. बाळांना पाजायला म्हणून गोड कंडेन्स्ड मिल्क खपवलं जात होतं आणि त्यावर वाढणारी बाळं मरत होती. अशा चुकीच्या प्रचाराने होणाऱ्या मृत्यूंना खूनच म्हणायला हवं, असं बाईंनी त्या प्रतिष्ठितांच्या सभेत ऐकवलं. त्यानंतर तीसेक वर्षांनीही आफ्रिका-आशियातल्या प्रसूतिगृहांत कंपन्यांच्या विक्रेत्या नर्ससारखे पांढरे कपडे घालून फिरत होत्या. बाळंतिणीला वाटायचं, सिस्टर सांगतेय. घरी पाणी गढूळ, सरपण महाग, डबा पुरवायचा म्हणून चमचा अर्धा. पातळ दूध आणि हगवण. १९७४ मध्ये 'वॉर ऑन वाँट' या ब्रिटिश संस्थेने हे छापलं. स्वित्झर्लंडमधल्या कार्यकर्त्यांनी ते जर्मन भाषेत आणताना थेट नेस्लेवर खुनाचा आरोप केला, तेव्हा कंपनी कोर्टात गेली. १९७६ मध्ये बर्नच्या न्यायाधीशांनी बदनामीबद्दल कार्यकर्त्यांना किरकोळ दंड केला, पण जाहिरातीची रीत मुळापासून बदला, असं कंपनीलाही सुनावलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दूधपर्यायांच्या विक्रीप्रचारासाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ मतं, तटस्थ तीन आणि विरोधात एक. ते एक मत अमेरिकेचं.

आपल्या कायद्यामागच्या चळवळीचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. स्तनपानासाठी काम करणारं देशव्यापी जाळं, 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया', ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झालं. पुढच्याच वर्षी संसदेत कायदा झाला. असल्या कायद्यांची आपल्याकडची चाल पाहता हे नवलच.

या कायद्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप कंपन्यांकडून येत नाही. तो माझ्या मैत्रिणींकडून येतो. शिकलेल्या, कमावत्या, स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या बायका विचारतात, आम्हाला काय पाजायचं ते आम्हाला कळत नाही का? गाडी, कर्ज, गर्भनिरोधक गोळ्या यांच्या जाहिराती आम्ही बघायच्या, आणि दुधाच्या डब्याची दिसली की आम्ही भुलणार? हा बायकांना अजाण समजण्याचाच एक सभ्य प्रकार नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि 'आईचं दूध म्हणजे अमृत' हे त्याचं उत्तर होत नाही. माझं उत्तर बाईच्या अकलेविषयी नाहीच, ते दुधाविषयी आहे.

साबणाचा नमुना फुकट मिळाला, वापरला, आवडला नाही, तर आपण जुन्या साबणाकडे परत येतो. जुना साबण तोवर कुठे गेलेला नसतो. अंगावरच्या दुधाचं तसं नाही. बाळ जितकं ओढतं तितकं ते बनतं. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, आणि तोही चमचा-दोन चमचेच. बाळाचं पोट तेव्हा तेवढंच असतं. पान्हा भरायला दोन ते चार दिवस जातात, सिझरनंतर कधी जास्तच. या दिवसांत बाळाचं सारखं अंगाशी झोंबणं हीच शरीराला दिलेली ऑर्डर असते. त्या रात्री आमचं बाळ रडत होतं ते कदाचित ही ऑर्डर देत होतं. आम्ही बाटली दिली. ते पोटभर झोपलं आणि ऑर्डर रद्द झाली. दुसऱ्या दिवशी दूध आणखी कमी, म्हणून बाटली आणखी एक. आठवड्याभरात "हिला दूधच नाही" हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खरं झालं. परत फिरता येतं, पण ती वाट घाटाची आहे. तिथे दर दोन-तीन तासांनी उठून धीर देणारं कुणीतरी लागतं, आणि दवाखान्यातून घरी आल्यावर असं माणूस क्वचितच मिळतं.

म्हणजे वापरून बघितल्यानेच जिची गरज निर्माण होते, अशी ही वस्तू आहे. बाजारातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल असं म्हणता येईल. फुकट डबा दवाखान्यात दिला तर तो एका आठवड्याचा खर्च असतो, आणि पुढचे कित्येक महिने गिऱ्हाईक बांधलेलं असतं. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला चारशे ग्रॅमचा डबा जेमतेम चार-पाच दिवस जातो. हिशेब करून बघा. अशा वस्तूच्या विक्रेत्याला त्या चार दिवसांत आईपासून लांब ठेवणं म्हणजे आईचं स्वातंत्र्य काढून घेणं, हे मला पटत नाही. उलट पाचव्या दिवशी तिच्या हातात दोन पर्याय शिल्लक राहावेत, एवढीच ही सोय आहे.

शिवाय कायदा विकायला बंदी करत नाही. डबा प्रत्येक मेडिकलमध्ये आहे आणि असायलाच हवा. आई गेलेलं बाळ आहे, दत्तक घेतलेलं बाळ आहे, काही औषधांवर असलेली आई आहे. आणि ज्या बाईने सगळं समजून-उमजून बाटली निवडली, तीही आहे. तिला कारण विचारायचा अधिकार कुणाला नाही. बंदी विकणाऱ्याच्या तोंडावर आहे, आईच्या हातावर नाही. राहिली माहिती. पाणी किती उकळायचं, चमचा सपाट कसा भरायचा, उरलेलं दूध केव्हा ओतून द्यायचं हे डब्यावर छापलेलं असतं आणि डॉक्टरांनी समजावून सांगावं अशी अपेक्षा असते. एवढं सांगण्यासाठी कुठल्या कंपनीने कधी नटीला पैसे दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आता आमच्या बाजूची एक अडचण. स्तनपानाचा प्रचार करणारे पुष्कळदा जास्त बोलतात. लठ्ठपणा टळतो, दमा होत नाही, आणि आई-बाळाचं नातं म्हणे बाटलीने तुटतं. बेलारूसमध्ये ३१ प्रसूतिगृहांतल्या सतरा हजारांवर आई-बाळांचा एक मोठा प्रयोग झाला. काही ठिकाणी स्तनपानाला नीट मदत केली, काही ठिकाणी नेहमीसारखंच चालू ठेवलं. पहिल्या वर्षात पोटाच्या संसर्गाने आजारी पडलेली बाळं नेहमीच्या ठिकाणी १३.२ टक्के होती, मदत मिळालेल्या ठिकाणी ९.१ टक्के; त्वचेचा इसबही तिथे कमी होता. पुढे लठ्ठपणा आणि दम्यात मात्र फरक दिसला नाही. बेलारूसमध्ये नळाला पाणी होतं आणि दवाखाने चालू होते. तिथे पोटाच्या आजारात एवढा फरक पडत असेल, तर जिथे टँकरची वाट बघतात तिथे किती पडेल याचा अंदाज आपला आपण करावा. पण हेही तितकंच खरं की कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, उकळलेल्या पाण्याने, मोजून बनवलेल्या डब्याच्या दुधावरचं बाळ ठणठणीत वाढतं. त्या आईला घाबरवायची काही गरज नाही. कायद्याचा पाया भीतीवर उभा केला तर पहिल्या ठणठणीत बाळाबरोबर तो ढासळेल.

कायदा आहे, मग चिठ्ठी कशी आली? कारण टीव्हीवरून हाकललेली जाहिरात कपडे बदलून परत येते. कधी ती 'पोषण शिबिर' होऊन येते, कधी डॉक्टरांचा अभ्यासवर्ग, कधी मोबाइलवरची 'मॉमी' आपली मैत्रीण असल्यासारखी तिच्या स्वयंपाकघरातून बोलते आणि मागच्या फळीवर डबा दिसेल न दिसेल असा असतो. दोन वर्षांपुढच्या मुलांच्या पावडरची जाहिरात करायला मोकळीक आहे. तिचा रंग, ठसा, अक्षरं तान्ह्याच्या डब्यासारखीच ठेवली की काम झालं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने आठ देशांत साडेआठ हजार गर्भवती आणि पालकांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांपर्यंत डब्याची जाहिरात पोहोचलेली निघाली. त्या आठांत भारत नव्हता, बांगलादेश होता. आपल्याकडे निदान टीव्ही आणि होर्डिंग स्वच्छ आहेत, याचं श्रेय या कायद्याला द्यायला हवं.

आणि शिक्षा? तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार. १९९२ मध्येही एखाद्या कंपनीला ही रक्कम चहापाण्याचीच होती. योगायोग असा की असंघटित क्षेत्रातल्या बाईला पहिल्या बाळंतपणासाठी केंद्राच्या मातृवंदना योजनेतून मिळतात तेही पाच हजारच. कंपनीच्या गुन्ह्याचा कमाल दंड आणि मजूर बाईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, दोन्ही एकाच मापाने मोजल्यात.

माझी खरी तक्रार इथे सुरू होते. नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. सहा महिने निव्वळ अंगावर पाजावं या सल्ल्याशी ती बरोबर जुळते. पण ऊसतोडीला जाणारी बाई? उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता. तिने दिवस पाडला की खाडा लागतो, म्हणजे दंड कापला जातो. बाळ फडाच्या कडेला, साडीच्या झोळीत, पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर. मोळी बांधता बांधता बाळ रडतं, आणि पाचटाची कूस अंगावर घेऊन ती पाजायला धावते. तिला कुठल्याही कंपनीने जाहिरात दाखवलेली नाही. तिला डबा परवडतही नाही. तिच्या बाळाच्या तोंडी चहात बुडवलेलं बिस्कीट जातं. तिच्यासाठी या कायद्यात एक ओळ नाही, आणि ज्या कायद्यांत असायला हवी तिथेही ती नाही. कंपन्यांची बाजू घेणारे हेच पुढे करून म्हणतात, रजा द्या, पाळणाघर द्या, जाहिरातीच्या मागे काय लागलात? रजा आणि पाळणाघर द्यायलाच हवं. पण एक दार बंद आहे म्हणून दुसऱ्या दाराने चोर आत घ्यावा, असं कुणी घर चालवत नाही.

दुसरीकडे आपण कायद्याची भाषा उचलून आईवरच चालवायला लागलो आहोत. भाचीला भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाच्या आधी तिला विचारायची, "अंगावर पाजतेस ना?" बारशालाही तेच. ती "हो" म्हणायची आणि बाटली उशीखाली सरकवायची. सहा आठवडे मी हे पाहिलं. चिठ्ठी देणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. अळीवाची खीर दिली का, शतावरी चालू आहे का, हिची हिंमतच कमी, हिचं मोबाइलवर लक्ष. ज्या गोष्टीत दवाखान्याची व्यवस्था कमी पडली, तिचं बिल बाळंतिणीच्या नावावर फाडलं गेलं.

आणि व्यवस्थाच कमी पडते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि पहिल्या तासात आईच्या अंगाला लागलेली बाळं मात्र ४१.८ टक्के. म्हणजे बाई डॉक्टर-नर्सच्या हाताखाली आहे, तरी निम्म्याहून जास्त बाळं त्या तासाला मुकतात. हा दोष पाटा-वरवंट्याच्या जुन्या घरावर, सासूच्या मध-गुटीवर ढकलता येणार नाही.

दवाखान्याला जमतं, हेही दिसलेलं आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना डबा द्यायच्या ऐवजी दुसऱ्या आयांचं साठवलेलं दूध. पालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात हे होऊ शकलं, कारण कुणीतरी त्याला खोली, फ्रीज आणि माणसं दिली. तिथे तिसऱ्या रात्रीच्या सिस्टरकडे चिठ्ठीशिवाय दुसरंही काहीतरी होतं.

म्हणून मला कायदा आणखी कडक हवा आहे, पण वरच्या बाजूला. दंड कंपनीच्या विक्रीच्या टक्क्यांत असावा. कुठल्या डॉक्टरांनी आणि संघटनांनी कुणाकडून काय घेतलं, ते जाहीर व्हावं. मोबाइलवरच्या पैसे घेतलेल्या 'मैत्रिणी' कायद्याच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत याव्यात, आणि तान्ह्याच्या डब्यासारखी दिसणारी मोठ्या मुलांची पावडरही. नाव लिहिलेली चिठ्ठी सापडली तर दवाखान्याचा परवाना अडकावा. ज्या बाळाला वैद्यकीय कारणाने डबा लागतोच, त्याला तो सरकारी दवाखान्यातून, ब्रँडचं नाव न लावता, फुकट मिळावा. आणि खाली, बाळंतिणीच्या खाटेपाशी, तिसऱ्या रात्री पाजायला बसवायला शिकवणारी एक प्रशिक्षित बाई असावी; तिचा पगार कंपनीने दिलेला नसावा. आईवर कुठलीही सक्ती नको. फॉर्मवर सही नको, डबा मागितला तर प्रवचन नको.

आपल्याकडे या विषयावर बोलायला उठलं की हिरकणी येतेच. कोजागरीला दूध घालायला रायगडावर गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं होतं, म्हणून ती कडा उतरून गेली. महाराजांनी कौतुक केलं आणि तिथे बुरूज बांधला. शाळेत ही गोष्ट ऐकताना आम्ही टाळ्या वाजवायचो. आता ऐकताना मला दरवाज्यावरचा पहारेकरी दिसतो. तान्हं घरी आहे असं ती त्याला सांगते आणि तो नियम दाखवतो.

एसटी स्टँडांवर तिच्या नावाने हिरकणी कक्ष केलेत, पाजायला आडोसा म्हणून. कल्पना उत्तम. मागच्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या स्टँडवर तासभर गाडीची वाट बघत बसले होते. समोरच्या भिंतीवर आईच्या दुधाचं महत्त्व सांगणारा सरकारी फलक होता, चांगला सहा फुटी, आणि त्याच्या खालीच हिरकणी कक्षाचं दार. दाराला कुलूप. विशीतली एक मुलगी कडेवर बाळ घेऊन चौकशीच्या खिडकीपाशी गेली. आतून आवाज आला, "चावी साहेबांकडे आहे. साहेब जेवायला गेलेत." तिने इकडेतिकडे बघितलं, फलकाच्या खाली भिंतीकडे तोंड करून बसली, आणि पदर पुढे घेतला.